दोन देशांच्या दरडोई उत्पन्नाची तुलना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘अमुक देश तमुक देशाच्या पुढे गेला’ असे वाक्य वाचले की आधी एवढेच विचारावे: कोणत्या मापाने? माप बदलले की पाचपट दिसणारे अंतर अडीचपट होते, आणि कधी कधी पुढचा देश चक्क मागे जातो. यात कोणी खोटे बोलत असते असे नाही. प्रत्येक माप वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देते, आणि आपल्याला काय विचारायचे आहे हे ठरवण्याआधीच आपण आकडा उचलून मोकळे होतो. पुढची सगळी उत्तरे याच एका गोष्टीभोवती फिरतात.

दरडोई उत्पन्न म्हणजे नेमके काय?

देशाचे वर्षभराचे एकूण उत्पन्न भागिले त्या वर्षाच्या मध्याची लोकसंख्या. कोणाच्या हातात प्रत्यक्ष पडणारी ही रक्कम नव्हे. सरकारी खर्च, कंपन्यांनी राखून ठेवलेला नफा, यंत्रसामग्रीचा घसारा, सगळे त्यात मिसळलेले असते. घसारा वजा केला की ‘निव्वळ’ उत्पन्न मिळते. कल्पनेच्या दृष्टीने तेच जास्त योग्य, पण घसाऱ्याचे अंदाज देशादेशांत इतके वेगळे बांधले जातात की तुलनेसाठी बहुतेक जण ‘स्थूल’ आकडाच घेतात.

जीडीपी घ्यावा की जीएनआय?

जीडीपी म्हणजे देशाच्या सीमेत काय तयार झाले, आणि जीएनआय म्हणजे देशातल्या रहिवाशांच्या वाट्याला काय आले. परदेशी कंपनीने इथे कमावून आपल्या देशी नेलेला नफा जीडीपीत राहतो, जीएनआयमधून वजा होतो. आपल्या लोकांनी बाहेर गुंतवलेल्या पैशांवरचे व्याज आणि लाभांश जीएनआयमध्ये मिळवले जातात. बहुतेक मोठ्या देशांत हा फरक दोन-चार टक्क्यांच्या आत असतो आणि त्याची चिंता करण्याचे कारण नसते.

काही देशांत मात्र या फरकाने सारा अर्थच पालटतो. आयर्लंडने २०१५ सालासाठी २६.३ टक्के जीडीपीवाढ जाहीर केली. एका वर्षात कोणत्याही देशातले लोक सव्वापट काम करू लागत नाहीत. झाले होते ते असे, की काही बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली पेटंट आणि तत्सम बौद्धिक मालमत्ता कागदोपत्री आयर्लंडमध्ये हलवली आणि तिच्यावरचे जगभरचे उत्पन्न आयरिश उत्पादनात मोजले जाऊ लागले. तिथल्या सांख्यिकी कार्यालयाने पुढे ‘सुधारित जीएनआय’ हे वेगळे माप काढले आणि हा फुगवटा बाजूला केला. हे पाऊल मला फार मोलाचे वाटते. आपल्याच देशाचा आकडा लहान करून दाखवायला सचोटी लागते.

लक्झेंबर्गचे प्रकरण निराळे. तिथे काम करणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे लोक रोज फ्रान्स, बेल्जियम आणि जर्मनीतून सीमा ओलांडून येतात. त्यांनी तयार केलेले मूल्य भागाकाराच्या वर आहे, पण ते स्वतः खालच्या लोकसंख्येत नाहीत. त्यामुळे दरडोई जीडीपी प्रचंड दिसतो. जीएनआयमध्ये त्यांचे पगार वजा होतात आणि चित्र बरेच खाली उतरते.

परदेशी स्थायिक झालेल्यांनी घरी पाठवलेला पैसा जीएनआयमध्ये येतो का?

नाही, आणि इथे खूप जण फसतात. वर्षापेक्षा जास्त काळ दुसऱ्या देशात राहणारा माणूस हिशेबाच्या नियमाने तिथला रहिवासी ठरतो. त्याने पाठवलेली रक्कम ‘हस्तांतरण’ म्हणून राष्ट्रीय व्यययोग्य उत्पन्नात (म्हणजे खर्चायला किंवा शिल्लक टाकायला देशाच्या हाती असलेल्या एकूण रकमेत) धरली जाते, जीएनआयमध्ये नाही. काही महिन्यांसाठी बाहेर जाऊन परतणाऱ्या हंगामी कामगाराची मजुरी मात्र जीएनआयमध्ये येते. ज्या देशाचा गाडा अशा पैशांवर चालतो, त्याची तुलना करताना व्यययोग्य उत्पन्नाचा आकडाही सोबत ठेवावा.

दोन्ही आकडे बाजारातल्या विनिमय दराने डॉलरमध्ये बदलले तर काय बिघडते?

जपान पाहा. २०१२ मध्ये त्याचे दरडोई उत्पन्न सुमारे ४९,००० डॉलर होते, २०२२ मध्ये सुमारे ३४,००० डॉलर. दहा वर्षांत जपानी माणूस तीस टक्के गरीब झाला? तसे काही झालेले नाही. येनमध्ये मोजले तर त्याचे उत्पन्न त्या काळात वाढलेलेच आहे. २०१२ मध्ये एका डॉलरला सुमारे ८० येन पडत, २०२२ मध्ये सरासरी १३०. बदलला तो भाव.

याच्या उलटही घडले आहे. डॉलरचा भाव उतरवण्यासाठी मोठ्या देशांनी सप्टेंबर १९८५ मध्ये केलेल्या प्लाझा करारानंतर येन इतका वधारला की दोन-अडीच वर्षांत डॉलरचा भाव जवळजवळ निम्म्यावर आला, आणि जपानने दरडोई उत्पन्नात अमेरिकेला मागे टाकल्याचे जगभर म्हटले गेले. देशांतर्गत किमती लक्षात घेऊन मोजले तर जपान तेव्हाही अमेरिकेच्या मागेच होता.

विनिमय दर ठरतो तो व्याजदर, भांडवलाची ये-जा, सट्टा, मध्यवर्ती बँकांची धोरणे यांवर. घरभाडे, केस कापणे, डॉक्टरची फी या गोष्टी सीमा ओलांडत नाहीत, त्यांचा त्या दराशी थेट संबंध नसतो. माणसाचे निम्मे आयुष्य तर याच गोष्टींवर खर्च होते.

मग पीपीपी म्हणजे काय?

पीपीपी म्हणजे क्रयशक्ती समानता. एकाच प्रकारच्या वस्तू आणि सेवांची टोपली दोन्ही देशांत केवढ्याला पडते हे पाहायचे आणि त्यावरून चलनांचा एक काल्पनिक दर काढायचा. त्या दराने बदललेल्या रकमेला ‘आंतरराष्ट्रीय डॉलर’ म्हणतात. हे चलन कुठल्याही खिशात नसते, ते फक्त मोजपट्टी आहे.

अशी मोजपट्टी का लागते याचे मुख्य कारण बेला बलासा आणि पॉल सॅम्युएलसन या दोघा अर्थतज्ज्ञांनी १९६४ मध्ये स्वतंत्रपणे मांडले. पोलाद किंवा यंत्रे जगभर विकली जातात, त्यांच्या किमती साधारण जुळतात. श्रीमंत देशातला कारखाना कामगारामागे कितीतरी जास्त माल काढतो, म्हणून तिथली मजुरी जास्त. पण त्याच देशातला केस कापणारा गरीब देशातल्या केस कापणाऱ्यापेक्षा दहापट डोकी हातावेगळी करत नाही. तरी त्याला कारखान्याच्या मजुरीशी बरोबरी साधावीच लागते, नाहीतर तो कारखान्यात जाईल. म्हणून श्रीमंत देशात सेवा महाग आणि गरीब देशात स्वस्त. विनिमय दराने मोजले की गरीब देश आहे त्याहून गरीब दिसतो.

फरक केवढा पडतो? २०२३ मध्ये बाजारदराने चीनचे दरडोई उत्पन्न सुमारे १२,६०० डॉलर, भारताचे सुमारे २,५००, म्हणजे पाचपट. क्रयशक्तीने मोजले तर चीन चोवीस हजारांच्या घरात आणि भारत दहा हजारांच्या आसपास, म्हणजे अडीचपटीच्या जवळ. वर्ष तेच, देश तेच.

पीपीपीचे आकडे किती भरवशाचे?

बाजारदरापेक्षा योग्य, पण जास्त ठिसूळ. किमतींची पाहणी आंतरराष्ट्रीय तुलना कार्यक्रमातून होते. १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे सांख्यिकी कार्यालय आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ यांनी तो सुरू केला, आता जागतिक बँक त्याचे संयोजन करते. अलीकडच्या फेऱ्या २००५, २०११, २०१७ आणि २०२१ च्या. दोन फेऱ्यांच्या मधले आकडे पाहणीतून येत नाहीत, महागाईच्या फरकावरून पुढे ओढलेले असतात.

डिसेंबर २००७ मध्ये २००५ च्या फेरीचे निकाल आले तेव्हा चीन आणि भारत या दोन्ही अर्थव्यवस्थांचे पीपीपी आकडे एकदम सुमारे ४० टक्क्यांनी खाली आले. चीन त्या फेरीत पहिल्यांदाच पूर्णपणे सामील झाला होता, भारत १९८५ नंतर प्रथमच. तोवरचे आकडे जुन्या, अपुऱ्या माहितीवरून ताणलेले होते. कोणाच्या घरातले काही कमी झाले नव्हते, पण दोन अब्जांहून जास्त माणसे कितपत गरीब आहेत याबद्दलचे जगाचे मत बदलले. म्हणून दरडोई पीपीपीतला पाच-दहा टक्क्यांचा फरक ‘पुढे-मागे’ ठरवायला पुरेसा मानू नये.

टोपलीचा प्रश्न आणखी अवघड. एका देशातले रोजचे धान्य दुसऱ्या देशात चैनीच्या दुकानातच मिळत असेल, तर ‘एकाच प्रकारची वस्तू’ कोणती? दोन देश राहणीमानाने जितके दूर, तितका हा आकडा सैल.

मग बाजारदराची तुलना कधीच करू नये का?

करावी की. तेलाची आयात, परदेशी कर्जाची परतफेड, बाहेरच्या विद्यापीठाची फी, यंत्रसामग्रीची खरेदी, हे सगळे खऱ्या डॉलरमध्ये चुकवावे लागते. देशाची जागतिक बाजारातली ताकद मोजायची तर बाजारदरच योग्य.

देशांची उत्पन्नगटांत विभागणी करताना जागतिक बँक ‘अ‍ॅटलास’ पद्धत वापरते. तीत चालू वर्ष आणि आधीची दोन वर्षे यांच्या विनिमय दरांची, महागाईतला फरक जुळवून, सरासरी काढतात. एखाद्या वर्षीच्या चलनी धक्क्याने देश गट बदलू नये हा त्यामागचा हेतू.

काळाच्या ओघात तुलना करायची तर चालू किमती घ्याव्यात की स्थिर?

चालू किमती म्हणजे त्या त्या वर्षीच्या किमती; स्थिर म्हणजे सगळ्या वर्षांना एकाच वर्षाच्या किमती लावून महागाई बाजूला काढलेल्या. ‘कोण किती वेगाने वाढले’ असा प्रश्न असेल तर प्रत्येक देशाची स्वतःच्या चलनातली, स्थिर किमतींची मालिका घ्या आणि दोन्ही १०० पासून सुरू करा. विनिमय दराचा आणि पीपीपीचा गोंधळ आपोआप टळतो. ‘आज कोण किती वर आहे’ असा प्रश्न असेल तर त्या वर्षाच्या पाहणीवर आधारलेले पीपीपी आकडे घ्या. दोन्ही एकाच आलेखात हवे असतील तर स्थिर आंतरराष्ट्रीय डॉलरची मालिका मिळते. तीत एका वर्षाची पातळी पीपीपीने ठरवून बाकीची वर्षे राष्ट्रीय वाढदराने पुढे-मागे नेलेली असतात.

चालू किमतींच्या पीपीपी मालिकेवरून वाढदर काढणे ही मला सर्वांत जास्त दिसणारी चूक. तीत अमेरिकेची महागाईही मिसळलेली असते, आणि फेऱ्यांमधले धक्केही.

तेल किंवा खनिजे विकणाऱ्या देशांसाठी आणखी एक पथ्य. तेलाचा भाव दुप्पट झाला तरी स्थिर किमतींतला जीडीपी हलत नाही, कारण पिंपे तेवढीच निघाली. पण त्या पिंपांच्या बदल्यात आता दुप्पट आयात करता येते. व्यापारशर्तींतला, म्हणजे निर्यात आणि आयात यांच्या किमतींच्या प्रमाणातला, हा फायदा उत्पन्नात धरायचा, तर व्यापारशर्ती जुळवलेले वास्तव उत्पन्न पाहावे लागते.

एका देशाने दुसऱ्याला नेमके कोणत्या वर्षी गाठले, हे सांगता येते का?

अंतर मोठे आणि टिकाऊ असेल तर दशक सांगता येते. नेमके वर्ष सांगणारा बहुधा आपले माप लपवत असतो.

भारत आणि चीनचेच घ्या. जागतिक बँकेच्या आकड्यांत १९९० मध्ये दोघांचे दरडोई उत्पन्न जवळपास सारखे, भारताचे किंचित जास्त. अँगस मॅडिसन या अर्थ-इतिहासकाराच्या मालिकेत त्याच वर्षी चीन स्पष्टपणे पुढे. हे कसे शक्य आहे? किमतींची पाहणी वेगळी घेतली की पातळी बदलते. वाढदराचा अंदाज वेगळा घेतला तरी बदलते, आणि तीही अनपेक्षित दिशेने: आजची पातळी पक्की मानली आणि मधली वाढ कमी धरली, तर भूतकाळातली पातळी आपोआप वर सरकते. वाढीचा दर कमी करणारा अभ्यासक जुन्या काळातल्या त्या देशाला नकळत श्रीमंत करत असतो.

दुसरे उदाहरण छोटे आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अंदाजात त्या वर्षीचे दरडोई जीडीपी बांगलादेशासाठी १,८८८ डॉलर आणि भारतासाठी १,८७७ डॉलर असे आले. दोन्ही देशांत त्यावर केवढी चर्चा झाली! फरक अकरा डॉलरचा, वर्ष महासाथीचे, माप बाजारदराचे, आणि आकडा मुळात अंदाज. पीपीपीने भारत तेव्हा पुढेच होता. बांगलादेशाने आधीच्या दोन दशकांत साधलेली सातत्यपूर्ण वाढ ही त्यातली खरी लक्षणीय गोष्ट, आणि तीच चर्चेत हरवली.

वेगाने वाढणाऱ्या देशाचे अंतर तरीही वाढत कसे जाते?

हा प्रश्न मनापासून आवडतो, कारण याचे उत्तर कागद-पेन्सिल घेऊन स्वतःच काढता येते. समजा, ‘क’ देशाचे दरडोई उत्पन्न २,००० आणि वाढ दरवर्षी ६ टक्के. ‘ख’ देशाचे ४०,००० आणि वाढ २ टक्के. पहिल्या वर्षी ‘क’ला १२० मिळाले, ‘ख’ला ८००. ‘क’ तिप्पट वेगाने धावतो आहे आणि तरी रकमेतले अंतर ६८० ने वाढले.

हे किती काळ चालेल? जवळजवळ पन्नास वर्षे. तोवर ‘क’ सुमारे ३६,८०० वर आणि ‘ख’ सुमारे १,०७,७०० वर पोहोचलेला असतो. अंतर ३८,००० वरून सुमारे ७०,८०० झाले, गुणोत्तर मात्र २० वरून ३ च्या खाली आले. त्यानंतर अंतर आटू लागते, आणि ७८ वर्षांच्या सुमारास दोघे बरोबरीला येतात. म्हणजे एकाच काळाबद्दल एक जण ‘दरी रुंदावली’ म्हणेल, दुसरा ‘दरी भरत आली’ म्हणेल, आणि दोघेही बरोबर असतील. म्हणून रकमेतले अंतर आणि गुणोत्तर नेहमी जोडीने द्यावे.

तोंडी हिशेबासाठी ७० चा नियम लक्षात ठेवा: ७० भागिले वाढीचा दर म्हणजे दुप्पट व्हायला लागणारी वर्षे. ७ टक्क्यांनी दहा वर्षे, २ टक्क्यांनी पस्तीस. दक्षिण कोरिया आणि घाना १९६० च्या सुमारास दरडोई उत्पन्नात एकाच पातळीवर होते, घाना तर डॉलरच्या आकड्यांत थोडा वरच. आज कोरिया तीस हजार डॉलरच्या पुढे आहे आणि घाना दोन-अडीच हजारांच्या आसपास. काही टक्क्यांचा फरक साठ वर्षे टिकला की एवढे होते.

एखाद्या देशाचा आकडा रातोरात कसा वाढतो?

आधारवर्ष बदलल्याने. अर्थव्यवस्थेत कोणत्या उद्योगाचे वजन किती, हे ज्या वर्षाच्या रचनेवरून ठरते ते आधारवर्ष. ते जुने झाले की नवे उद्योग मोजणीतून निसटतात. घानाने नोव्हेंबर २०१० मध्ये १९९३ ऐवजी २००६ हे आधारवर्ष घेतले आणि जीडीपी सुमारे ६० टक्क्यांनी वाढला. नायजेरियाने एप्रिल २०१४ मध्ये १९९० सोडून २०१० घेतले, तेव्हा २०१३ चा आकडा ८९ टक्क्यांनी वर गेला. मोबाइल सेवा आणि चित्रपट उद्योग आधी जवळपास मोजलेच जात नव्हते. इटलीने १९८७ मध्ये अनौपचारिक अर्थव्यवस्थेचा अंदाज हिशेबात घेतला आणि ब्रिटनला मागे टाकल्याचे जाहीर झाले.

ही लबाडी नव्हे, उशिरा झालेली दुरुस्ती आहे. पण जुनी आणि नवी मालिका एकमेकींना जोडताना सांधा जुळवला नाही, तर दुरुस्तीच ‘वाढ’ म्हणून वाचली जाते. आलेखात एका वर्षी उभी भिंत दिसली की आधी आधारवर्ष तपासा.

सुरुवातीचे वर्ष कोणते घ्यावे?

महासाथ, युद्ध, मंदी किंवा तेलाच्या तेजीचे वर्ष टाळावे. दोन्ही टोकांना तीन किंवा पाच वर्षांची सरासरी घेतली तर बरे. आणि निष्कर्ष सुरुवातीचे वर्ष दोन-तीन वर्षे मागे-पुढे केल्याने उलटत असेल, तर तो निष्कर्षच नव्हे.

लोकसंख्येमुळे किंवा सीमा बदलल्यामुळे चूक होते का?

होते, आणि ती पटकन लक्षात येत नाही. नवी जनगणना झाली आणि लोकसंख्या अंदाजापेक्षा पाच टक्के जास्त निघाली, तर दरडोई उत्पन्न तेवढ्या प्रमाणात खाली येते. कतारसारख्या देशात लोकसंख्येचा मोठा भाग बाहेरून आलेल्या कामगारांचा आहे; तिथली सरासरी ना नागरिकाचे उत्पन्न सांगते, ना कामगाराचे.

जर्मनीचे एकीकरण ३ ऑक्टोबर १९९० ला झाले. त्याआधीच्या अनेक मालिका फक्त पश्चिम जर्मनीच्या आहेत. त्या सरळ पुढे जोडल्या तर देश अचानक गरीब झाल्यासारखा दिसतो.

शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचे आकडे कुठून येतात?

पीक, मजुरी, करवसुली, व्यापार यांच्या जुन्या नोंदींवरून अंदाज बांधून. दादाभाई नौरोजी यांनी १८६० च्या दशकाच्या अखेरीसाठी ब्रिटिश भारताचे दरडोई उत्पन्न वर्षाला सुमारे २० रुपये काढले. पिकांच्या नोंदी घेऊन, प्रांतवार. आणि मग ते तुरुंगातल्या कैद्याच्या निर्वाहखर्चाशी ताडून पाहिले, तर कैद्यावर होणारा खर्चच जास्त निघाला. परक्या चलनाशी तुलना करण्याऐवजी जगायला काय लागते त्याच्याशी तुलना: ही कल्पना आजही तितकीच नेमकी आहे.

मॅडिसन यांनी अशा अंदाजांना एका मापात बसवून जगभरच्या देशांसाठी शतकानुशतकांच्या मालिका बांधल्या. त्यांच्या पश्चात नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन विद्यापीठात ते काम चालू आहे. त्या मालिकेनुसार १९१३ मध्ये अर्जेंटिना दरडोई उत्पन्नात फ्रान्स आणि इटलीच्या वर होता. दिशा समजून घ्यायला हे आकडे उत्तम. दशांश चिन्हानंतरच्या अंकांवर वाद घालायला नव्हेत.

दरडोई उत्पन्न वाढले म्हणजे सामान्य माणसाचे बरे झाले का?

एवढ्यावरून सांगता येत नाही. दहा जणांत नऊ जणांचे उत्पन्न १०० आणि एकाचे १,१०० असेल तर सरासरी २००. पुढच्या वर्षी त्या एकाचे १,३०० झाले की सरासरी २२०, म्हणजे दहा टक्के वाढ, आणि नऊ जणांच्या घरी काहीच नाही. म्हणून मधल्या माणसाचे उत्पन्न, म्हणजे मध्यक, मिळत असेल तर तो जरूर घ्यावा. तो कुटुंब पाहण्यांमधून येतो, राष्ट्रीय हिशेबातून नाही, आणि दोन्हींची वाढ बऱ्याचदा जुळत नाही.

अर्थतज्ज्ञ सायमन कुझनेट्स यांनी १९३४ मध्ये अमेरिकी काँग्रेसला राष्ट्रीय उत्पन्नाचा पहिला अहवाल दिला, तेव्हा त्यातच बजावले होते की राष्ट्राचे कल्याण या आकड्यावरून क्वचितच ताडता येते.

स्वतः तक्ता किंवा आलेख करताना काय लिहायला विसरू नये?

जीडीपी की जीएनआय, बाजारदर की पीपीपी, चालू किमती की स्थिर, स्थिर असतील तर कोणत्या वर्षाच्या, आणि आकडे कोणत्या महिन्यात उतरवून घेतले. शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटते, पण जुने आकडे सतत सुधारले जातात. वर्षभराने तीच मालिका उघडली तर ती वेगळी दिसू शकते. वर्ष मोजण्याची पद्धतही नोंदवा, कारण काही देश जानेवारी ते डिसेंबर धरतात, तर काही एप्रिल ते मार्च किंवा जुलै ते जून.

काळ वीस वर्षांहून मोठा असेल तर उभा अक्ष लॉगरिदमिक ठेवा, म्हणजे ज्यावर सारखे अंतर सारखी पट दाखवते (१ ते १० जेवढे, १० ते १०० तेवढेच). साध्या अक्षावर स्थिर गतीची वाढही शेवटी आकाशात झेपावल्यासारखी दिसते आणि गरीब देशाची रेघ तळाशी चिकटून जाते. लॉग अक्षावर सारखा वाढदर म्हणजे सारखा चढ, आणि दोन रेघांमधले उभे अंतर म्हणजे थेट गुणोत्तर.